न पाहिलेल्या आगीचा रंग

हिरोशिमाच्या मोतोमाची हायस्कूलमध्ये कला शिकणारी मुलं २००७पासून एक विलक्षण काम करत आली आहेत. अणुबॉम्बमधून वाचलेल्या आजी-आजोबांसमोर बसायचं, त्यांची आठवण ऐकायची आणि ती तैलरंगांत उतरवायची. एकेका चित्राला महिनोन्‌महिने लागतात, कारण ऐकून घेणं पुरत नाही. धुराआड सूर्य कसा दिसत होता, नदीतली माणसं पालथी होती की उताणी, आगीत लाल जास्त होता की काळा, हे सगळं विचारावं लागतं. कच्चं चित्र पाहून म्हातारा माणूस मान हलवतो आणि पोरगी पुन्हा ब्रश उचलते. अशी दोनशेहून अधिक चित्रं झाली आहेत.

अण्वस्त्रं शिकवायची तर अशीच शिकवावीत, असं मला ठामपणे वाटतं.

इतिहासाच्या तासाला आपण हिरोशिमा वरूनच पाहतो. विमानाचं नाव, बॉम्बचं नाव, छत्रीसारखा ढग. त्या ढगाचे गाजलेले फोटो हल्ल्यासाठी आलेल्या विमानांतूनच टिपलेले आहेत. खाली, त्याच दिवशी, योशितो मात्सुशिगे हा वृत्तपत्राचा छायाचित्रकार कॅमेरा घेऊन हिंडत होता. समोरच्या माणसांकडे पाहून त्याचं बोट बटणावर जाईना. दिवसभरातले जेमतेम पाच फोटो आज आपल्याकडे आहेत. मुलांना हे दोन्ही फोटो शेजारी-शेजारी दाखवावेत आणि कॅमेरा कुठे होता एवढंच विचारावं.

त्या सकाळी बारा-तेरा वर्षांची हजारो मुलं शहरात घरं पाडायला जुंपली होती. बॉम्बहल्ल्यात आग पसरू नये म्हणून मोकळे पट्टे तयार करायचं काम. त्यांतली बहुतेक गेली. शिगेरू ओरिमेन या मुलाचा प्रेतापाशी सापडलेला जेवणाचा डबा हिरोशिमाच्या संग्रहालयात आहे. आतलं अन्न जळून कोळसा झालेलं. सातवीतल्या मुलाला किलोटनाचा अर्थ समजावण्याआधी हा डबा दाखवावा.

मुलं घाबरतील, हा आक्षेप खोटा नाही. पण त्यावरचा उपाय मला पटत नाही. २०२३ मध्ये हिरोशिमाच्याच शिक्षण मंडळाने केइजी नाकाझावा यांच्या ‘बेअरफूट गेन’ या चित्रकथेतला भाग प्राथमिक शाळेच्या शांतिशिक्षणातून काढला. त्यात गेन आजारी आईसाठी दुसऱ्याच्या तळ्यातला मासा चोरतो, त्यातून मुलांचा गैरसमज होईल, असं म्हणणं होतं. नाकाझावा स्वतः सहा वर्षांचे असताना त्या आगीतून वाचले. वडील, बहीण, भाऊ गमावले. उपाशी आईसाठी मासा चोरणं चूक की बरोबर, यावर वर्गात भांडण व्हायला हवं होतं. ती संधीच गेली.

आणि साक्ष म्हणजे नुसती हळहळ नव्हे. हिरोशिमा लष्करी ठाणंही होतं. तिथे मेलेल्यांत हजारो कोरियन होते, जपानच्या राज्यातली परकी प्रजा. वाचलेल्यांपैकी अनेकांनी लग्नं मोडतील म्हणून वर्षानुवर्षं तोंड उघडलं नाही. अमेरिकन ताब्याच्या काळात तर बॉम्बबद्दल छापण्यावरच बंधनं होती. वाचलेल्यांची देशव्यापी संघटना, निहोन हिदानक्यो, उभी राहिली १९५६ मध्ये. तिला नोबेल मिळालं २०२४ मध्ये. त्या मौनाचाही एक तास व्हायला हवा.

आता वाचलेल्यांचं सरासरी वय पंचाऐंशीच्या पुढे गेलं आहे. २०१२पासून हिरोशिमा शहर वारसदार कथनकार तयार करतं: एखाद्या वाचलेल्या व्यक्तीची कहाणी तिच्याकडूनच शिकून घ्यायची आणि तिच्या वतीने सांगायची. चित्र काढणाऱ्या त्या मुलांचं शिक्षणही याच जातीचं आहे. वयस्क माणूस समोर आहे तोवर रंग चुकला तर सांगणारा कुणीतरी आहे, म्हणून प्रश्न आजच विचारायला हवेत.