भाड्याचे घर आणि मालकाचा धर्म

पाडव्याच्या मुहूर्तावर दुसरे घर घ्यावे आणि ते भाड्याने द्यावे, असा मनसुबा पुष्कळ कुटुंबांत रचला जातो. त्यात वावगे काही नाही. पण भाड्याच्या घरात आपल्या मिळकतीच्या आत दुसऱ्याचा संसार मांडलेला असतो. तेव्हा मालकाचा हक्क तिथे कुठवर चालावा, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

प्रथम व्यवहार पाहू. कारण हिशेब कच्चा असला की नीतीही डळमळू लागते. समजा, घर ६० लाखांचे आणि भाडे महिना १५,००० रुपये. वर्षाचे झाले १,८०,०००, म्हणजे शेकडा ३. त्यातून घरपट्टी, सोसायटीची वर्गणी, रंगरंगोटी आणि एखादा रिकामा महिना वजा करा. हाती उरेल ते बेताचेच. एवढ्यातून कर्जाचा हप्ता फिटेल ही आशा ज्याने धरली, तो पुढे आपली तूट भाडेकरूच्या खिशातून भरू पाहतो आणि नळ गळला तरी प्लंबर धाडीत नाही.

उलट बाजूचा अतिरेकही आपण पाहिला आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. हेतू गरिबाच्या रक्षणाचा होता. पण अर्धशतक लोटले तरी ती गोठलेलीच राहिली, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सांगितले. ज्या चाळीचे भाडे मालकाच्या चहापाण्यालाही पुरत नाही, तिची डागडुजी कोण करणार? मालकाने हात आखडला, भाडेकरू म्हणाला ‘माझे थोडेच आहे!’, आणि जिना खचला तो दोघांचाही.

पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने भाड्यात वर्षाला शेकडा ४ वाढ मान्य केली. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी नसेल, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. ज्याच्या हाती किल्ली त्याच्यावर पुराव्याचे ओझे, हे मला शहाणपणाचे वाटते.

आता घरे बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर दिली जातात. मी शिक्षक, मुलांचे पत्ते बदलताना पाहतो. मालकाच्या वहीतली ती एक ओळ असते. मुलाच्या लेखी नवी गल्ली, नवे सवंगडी, कधी नवी शाळा. हजार रुपये जास्त मिळावेत म्हणून चांगले बिऱ्हाड उठवले, तर अकरा महिन्यांत ११,००० मिळतात. पण मध्ये एक महिना घर रिकामे राहिले की १५,००० जातात! इथे नीती आणि हिशेब हातात हात घालून चालतात. नेहमीच तसे होत नाही. जिथे त्यांची फारकत होते, तिथेच माणसाची पारख होते.

म्हणून घर भाड्याने देणाऱ्याने एवढे पाळावे : अनामत ही दुसऱ्याची ठेव समजून बँकेत वेगळी ठेवावी, गळती, वायरिंग यांची दुरुस्ती मागणीची वाट न पाहता करावी, भाडेवाढ करारातच लिहावी, ऐन वेळी सांगू नये, भाडेकरूची ऐपत आणि वागणूक जरूर पाहावी, पण जात आणि ताटातले जेवण विचारू नये. आणि दुसरी किल्ली आपल्यापाशी असली, तरी आत जाण्यापूर्वी दार वाजवावे. घर आपले असेल. पण करार आहे तोवर त्या दारामागचा दिवा दुसऱ्याच्या घरातला आहे.