अकरा लाखांची पैठणी

आदेश बांदेकर २००४ पासून 'होम मिनिस्टर'च्या निमित्ताने घरोघर गेले. गृहिणीशी गप्पा, थोडे खेळ, जिंकणारीला पैठणी. चुडाव्यासारख्या लहान गावी दूरदर्शन संचासमोर बसलेल्या सुनेलाही त्यात आपला मान दिसे. २००९ मध्ये ते शिवसेनेतर्फे माहीममधून निवडणूक हरले. भावोजी वेगळे आणि उमेदवार वेगळा, हे मतदारांना कळत होते म्हणायचे!

२०२२ मध्ये 'महामिनिस्टर'ने ११ लाखांची पैठणी मांडली. टीका झाली ती किमतीवर. मला खटकते ते निराळेच. घरी येऊन दिलेली साडी हा सन्मान होता. ११ लाखांपुढे तेच हसणे-रडणे चढाओढीचे भांडवल होते. आणि एवढी मोलाची साडी ती माउली बारशाला नेसणार तरी कशी?