पाहुणा कलाकार आणि वर्गाच्या बाई

डहाणू-तलासरीकडचा वारली चित्रकार शाळेत येतो, तेव्हा त्याचं सामान मोजकंच असतं. गेरूने रंगवलेला कागद, तांदळाचं पीठ कालवून केलेला पांढरा रंग आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणसाचं अंग तयार. खालचा तसाच ठेवून वरचा जरा कलता केला, की तोच माणूस वाकून भात लावू लागतो. मुलं हरखून जातात.

अशा वेळी बाई बहुधा मागच्या बाकावर वह्या तपासत असतात, नाहीतर अहवालासाठी फोटो काढत असतात. दोष त्यांचा नाही. कलाकाराबरोबर आधी बसायला त्यांना कुणी वेळच दिलेला नसतो.

आणि नुकसान होतं ते इथेच. त्या त्रिकोणांतून तिसरीची भूमिती शिकवता येईल, हे बाईंनाच सुचणार. एरवी गप्प राहणारा मुलगा आज काडी खाली ठेवत नाही, हेही त्यांनाच कळणार. पाहुण्याला सगळीच मुलं नवी. उलट, लग्नचौक ही नुसती नक्षी नव्हे, तो सवाशिणी लग्नघरात लिहितात, त्यात पालघट देवी असते, हे बाईंना चित्रकाराकडूनच समजायला हवं.

इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराने १९६३ साली नगरपालिकेची पहिली बालशाळा काढली. शिक्षणतज्ज्ञ लोरिस मालागुत्सींच्या आग्रहाने तिथल्या बालशाळांत कलेचं शिक्षण घेतलेली माणसं कायमची नेमली गेली. त्यांपैकी व्हेआ वेक्की डायना बालशाळेत १९७० पासून तीस वर्षं होत्या. मुलं काय बोलली, त्यांनी काय काढलं, याच्या नोंदी ठेवायच्या आणि शिक्षकांसोबत त्या वाचून पुढचं काम ठरवायचं, अशी ही रीत.

एवढा खर्च सर्वांना झेपत नाही. इंग्लंडमध्ये कलाकार-शिक्षकांना एकत्र आणणारा ‘क्रिएटिव्ह पार्टनरशिप्स’ हा उपक्रम २००२ मध्ये सुरू झाला आणि सरकारी पैसा थांबल्यावर २०११ मध्ये बंद पडला.

आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शाळेत किंवा शाळा संकुलात निवासी कलाकार असावा, असं उद्दिष्ट आहे. ते गाठलं जाईल तेव्हा जाईल. तोवर मुख्याध्यापकांनी एवढं तरी करावं: कलाकार बोलावताना वेळापत्रकात आणखी दोन तास राखावेत, एक आधी आणि एक नंतर, आणि त्या दोन्ही तासांना बाईंना दुसरं कुठलंही काम देऊ नये.