चौथं कलम

नीरा डाव्या कालव्यावर, भवानीनगरजवळच्या एका पाणीवापर संस्थेची वार्षिक सभा. सचिवांनी ठराव वाचला. चाऱ्यांची दुरुस्ती, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांना आधी पाण्याची पाळी, थकबाकीवरचं व्याज माफ. आणि चौथं कलम : गरज पडल्यास संचालक मंडळ बरखास्त करण्याचा अधिकार चेअरमनना.

चेअरमन कामाचा माणूस. त्यानं पाणीचोरी बंद केली होती, टेलला पाणी पोचवलं होतं. ‘मंजूर, मंजूर’ सुरू झालं. तेवढ्यात इतिहासाचे निवृत्त गुरुजी उठले.

"चेअरमन, तुमच्यावर अविश्वास नाही. पण बेलारूसचं ऐका. १९९१ ला सोव्हिएत संघ मोडला आणि तो देश स्वतंत्र झाला. महागाईनं लोक पिचले, वर पुढाऱ्यांची लूट. तिथं लुकाशेंको नावाचा सरकारी शेतीफार्मचा प्रमुख आधीच खासदार होता. १९९३ ला संसदेच्या भ्रष्टाचारविरोधी समितीचा अध्यक्ष होऊन बड्याबड्यांवर तुटून पडला. १९९४ ला लोकांनी सुमारे ८० टक्के मतं देऊन त्याला राष्ट्राध्यक्ष केलं. ती मतं खरी होती. लोकांना चोर नको होते, एवढंच.

पुढच्याच वर्षी सार्वमत. प्रश्न चार. रशियन भाषेला दर्जा, नवा झेंडा, रशियाशी आर्थिक जवळीक. आणि चौथा, राष्ट्राध्यक्षाला संसद बरखास्त करायचा अधिकार. विरोध करणारे खासदार संसदेतच उपोषणाला बसले. रात्री जवानांनी त्यांना मारहाण करून बाहेर काढलं. चारही प्रश्नांना लोकांचा होकार आला. १९९६ ला आणखी अधिकार त्याच्याकडं गेले, २००४ ला दोनच मुदतींची अट गेली. २०२० ला माणसं लाखांनी रस्त्यावर आली, तोवर मतमोजणी, कोर्ट, पोलीस सगळं त्याच्याच हातात."

एक तरुण सभासद म्हणाला, "गुरुजी, ते देशाचं झालं. इथं पाण्याच्या पाळीचं चाललंय."

"पाळीचंच बोलतोय, बाळ. मंडळच राहिलं नाही, तर उद्या तुझी पाळी चुकली की दाद कुणाकडं मागशील? चारही कलमं वेगवेगळी मताला टाका."

चेअरमननी मान डोलावली. पहिल्या तिन्हींना सगळे हात वर गेले. चौथ्याला सचिवांना हात मोजावे लागले. त्या संस्थेत आजवर कुणी मोजलेच नव्हते. कलम थोड्या मतांनी पडलं.

चेअरमन पुढेही त्याच खुर्चीत राहिले. मंडळाला विचारून कामं करत राहिले, आणि टेलला पाणी वेळेवर येत राहिलं.