पासपोर्टचं पान आणि भरतीचं मैदान

होसे आब्रेउ या क्यूबन बेसबॉलपटूने 2013 साली मियामीला जाणाऱ्या विमानात आपल्या खोट्या पासपोर्टचं पहिलं पान बियरच्या घोटाबरोबर गिळून टाकलं. 2017 मध्ये मियामीच्या न्यायालयात त्याने हे स्वतःच सांगितलं. शिकागो व्हाइट सॉक्स या अमेरिकी क्लबने त्याला सहा वर्षांसाठी 6 कोटी 80 लाख डॉलर देऊ केले होते. ठरल्या तारखेला अमेरिकेत पोहोचला नसता, तर सगळंच हातचं गेलं असतं.

एवढा खटाटोप का? क्यूबाने 1961 मध्ये धंदेवाईक खेळ बंद केला. खेळाडू सरकारचा, पगारही सरकारी. तिकडे अमेरिकेच्या निर्बंधांमुळे क्यूबात राहणाऱ्या खेळाडूशी अमेरिकी क्लबांना करार करता येईना. 2018 च्या अखेरीस दोन्हीकडच्या बेसबॉल संघटनांनी तोडगा काढला. ट्रम्प सरकारने चार महिन्यांत तो मोडीत काढला.

पण सगळेच पळाले नाहीत, आणि खरी गोष्ट त्यांची आहे. ओमार लिनारेस हा पिनार देल रिओचा, म्हणजे तंबाखूच्या मळ्यांच्या प्रांतातला. तिथल्या संघाचं नावही तंबाखू पिकवणाऱ्यांवरूनच पडलेलं. अमेरिकी क्लबांचा डोळा असूनही तो घरीच राहिला. देशांतर्गत स्पर्धेत त्याने 404 होमरन मारले आणि 1992 व 1996 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं जिंकली. अटलांटाच्या अंतिम सामन्यात जपानविरुद्ध तर एकट्याने तीन होमरन ठोकले. 2002 मध्ये सरकारच्या परवानगीने तो जपानच्या चुनिची ड्रॅगन्सकडून खेळायला गेला, तेव्हा पस्तिशीला टेकला होता. उमेदीची वर्षं उलटून गेलेली. देशप्रेम म्हणा की अडवणूक, दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे.

लिनारेसच्या प्रांतासारखा पानांचा जिल्हा म्हटला तर विदर्भातला भंडाराही तसाच. इथली पानं तेंदूची, धंदा विडीचा. इथे कोणी कोणाला अडवत नाही. तरी पहाटे मैदानावर किंवा रस्त्याच्या कडेला धावणारी पोरं पाहिली की कळतं, त्यातली बरीचशी खेळासाठी धावत नाहीत, भरतीसाठी धावतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणी 50 गुणांची. सोबतीच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, आणि शेवटच्या फेरीला ओरडून सांगितलेले सेकंद. शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आहे, सॉफ्टबॉलही आहे. पण घरच्यांचं लक्ष प्रमाणपत्रावर, कारण सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. यात त्यांचं काय चुकलं? जिल्ह्यात राहून पोट भरेल असा खेळच नसेल, तर खेळाची किंमत नोकरीतच मोजली जाणार.

विदर्भातलं जवळचं उदाहरण क्रिकेटपटू उमेश यादवचं. वडील वलनीच्या कोळसा खाणीत कामगार. मुलाला सरकारी नोकरी लागावी ही त्यांची इच्छा, म्हणून उमेशने पोलीस शिपायाची परीक्षा दिली, जमली नाही. विशीला टेकेपर्यंत टेनिस बॉलवरच खेळणं. 2008 मध्ये विदर्भाकडून रणजी पदार्पण, 2011 मध्ये कसोटी. कसोटी खेळणारा विदर्भाचा तो पहिला. पुढे 57 कसोटींत 170 बळी. आणि गंमत अशी की 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याला खेळाडूंच्या कोट्यातून अधिकाऱ्याची नोकरी दिली. वडिलांचं स्वप्न पूर्ण झालं, तेही खेळातूनच.

पण हे उदाहरण मिरवताना एक गोष्ट विसरली जाते. वलनी नागपूरच्या उंबरठ्यावर आहे. भंडाऱ्यातल्या साकोली-लाखांदूरच्या पोराला नागपूर गाठायचं तर खोलीभाडं, मेस आणि वर्षभराची शाळा यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. क्यूबाने खेळाडूला डांबून ठेवलं हे खरंच आणि ते वाईटच. पण त्याआधी त्याला गावात घडवलंही होतं. प्रत्येक प्रांताला स्वतःचा संघ होता, म्हणून लिनारेसला मोठं होण्यासाठी आधी हवाना गाठावं लागलं नाही. आपण त्यांची बेडी टाळली, हे बरंच झालं. शिडीही टाळली, ते नाही.

जिल्हा नियोजनाच्या पैशांतून आणखी एखादी कमान उभी राहण्याआधी प्रत्येक तालुक्यात एकेक पूर्णवेळ पगारी प्रशिक्षक नेमावा, ही मागणी भंडाऱ्याच्या पालकांनी ग्रामसभेपासून लावून धरावी.