पँथिऑनचे तिकीट

खोटे बोलण्यासाठी तोंड उघडावेच लागते असे नाही, हे सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही शिकलो होतो. त्याचा प्रत्यय मात्र पन्नाशी उलटल्यावर, रोम शहरात आला.

२०२५ च्या ज्युबिली वर्षात, ऑक्टोबर महिन्यात, अमरावती व अकोला येथील दहा भाविकांसमवेत आम्ही रोमला गेलो. चार महामंदिरांचे पवित्र दरवाजे ओलांडून झाले आणि शेवटचा दीड दिवस शहर पाहण्यासाठी उरला. वऱ्हाडातून रोमला जाणे ही सहजी घडणारी गोष्ट नव्हे. आमच्यातील एका शेतकरी दांपत्याने कित्येक वर्षे पैसे साठवले होते आणि नेमके त्याच वर्षी अतिवृष्टीने त्यांचे सोयाबीन हातचे गेले. विमानाची तिकिटे आधीच काढलेली, म्हणून ती दोघे आली. पण प्रत्येक युरोपाशी त्यांचा हात अडखळे.

पँथिऑन पाहण्याची सर्वांना ओढ होती. सम्राट हेड्रियनच्या काळात, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, बांधून पुरे झालेले हे देवालय. इ. स. ६०९ मध्ये ते पवित्र मरिया व रक्तसाक्षी यांच्या नावे चर्च झाले आणि त्यामुळेच बचावले. रोममधील इतर कित्येक देवळांचे दगड लोकांनी घरे बांधायला नेले. त्याच्या घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर. जमिनीपासून घुमटाच्या मध्यावरील उघड्या गवाक्षापर्यंतची उंचीही तेवढीच. आत लोखंडी सळई नाही. वर वर जाताना काँक्रीटमध्ये अधिकाधिक हलका दगड वापरलेला आहे. त्या गवाक्षातून ऊन आत येते, पाऊसही येतो, आणि फरशीतील छिद्रांतून पाणी वाहून जाते.

जुलै २०२३ मध्ये येथे पाच युरो प्रवेशशुल्क सुरू झाले; आम्ही गेलो तेव्हाही ते तेवढेच होते. मिस्सासाठी येणाऱ्यांना ते पडत नाही.

“मग मिस्साच्या वेळीच जाऊ,” कोणीतरी म्हणाले. “आपण ख्रिस्ती, फादर सोबत. कोण विचारतो?” अकरा जणांचे ५५ युरो, म्हणजे साडेपाच हजारांच्या आसपास रुपये वाचणार होते. क्विंटलभर कापसाच्या हमीभावाहून ही रक्कम कमी असली, तरी लहान नव्हे. आम्ही गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यालाच होकार समजले गेले, आणि तो तसा होताही.

मिस्सा परक्या भाषेत चालली होती. आमची मान वर होती. मावळतीच्या उजेडात गवाक्षाचे वर्तुळ निळसर होत गेले. मग केव्हातरी आमची मान खाली आली आणि परमप्रसादाच्या वेळी आम्ही खरोखरच प्रार्थनेत होतो. मनात एक हेतू धरून आत शिरावे आणि आत दुसरेच घडावे, तर पहिल्या हेतूचे काय होते? तो धुऊन निघतो का? आम्हांला तसे वाटत नाही. देवाने आमच्या लबाडीतूनही काही दिले, ही त्याची उदारता. तिचा जमाखर्च आमच्या नावे मांडता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संत ऑगस्टीनच्या चर्चमध्ये गेलो. योगायोग पाहा! असत्याचे आठ प्रकार पाडून त्यांतील एकालाही मुभा न देणारा हा संत. त्याची आई, संत मोनिका, येथेच विसावली आहे. डावीकडच्या पहिल्याच कपेलात काराव्हाज्जोचे एक चित्र आहे. दारात बाळाला घेऊन उभी असलेली मरिया, समोर गुडघे टेकलेले दोन गरीब यात्रेकरू; आणि त्यातील पुरुषाचे मळलेले तळवे थेट पाहणाऱ्याच्या तोंडासमोर. हे चित्र लागले तेव्हा या पायांवरून लोकांनी गिल्ला केला होता. आमच्या मंडळींना त्यात नवल वाटले नाही. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी निघते, शेगावची पालखी अकोल्यावरून जाते; असे तळवे आम्ही सर्वांनी पाहिलेले. ते शेतकरी दांपत्य मात्र त्या चित्रापुढून लवकर हलेना.

देवाच्या घराला तिकीट कशाला, असा प्रश्न वाटेत निघाला. प्रभूने मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलले, त्याचीही आठवण कोणी दिली. आम्हांला ती तुलना पटली नाही. घुमट राखायला पैसा लागतो, आणि प्रार्थना करणाऱ्याला दार मोकळे ठेवलेले आहेच. ज्याच्याजवळ खरोखर काही नाही त्याने काय करावे? अत्यंत गरजेत घेतलेली भाकरी म्हणजे चोरी नव्हे, असे संत थॉमस सांगतो. पण घुमट पाहणे ही भूक नव्हे, असे आम्ही बसमध्ये ठासून सांगितले. आज तितके ठासून सांगवत नाही.

परतल्यावर वाचनात आले, की त्या शुल्कातील ७० टक्के इटलीच्या सांस्कृतिक मंत्रालयाला जातात आणि ३० टक्के रोम धर्मप्रांताला. धर्मप्रांताचा वाटा दानधर्म व जुन्या चर्चच्या देखभालीसाठी असतो. म्हणजे आम्ही जे वाचवले, त्यातले काही रोमच्या गोरगरिबांचे होते. पुढच्या रविवारी हे आम्ही प्रवचनात सांगितले. आपणही त्या अकरांत होतो, हे सांगायला मात्र जीभ जड झाली, शेवटी सांगितले.

मिस्सानंतर ती शेतकरीण दानपेटीपाशी थांबली. पदराच्या गाठीतून पाचशेच्या दोन नोटा सोडून तिने पेटीत टाकल्या. आम्ही अडवू लागलो, तर म्हणाली, “राहू द्या फादर, दोघांचं तिकीट राह्यलं होतं.”

आमच्या खिशात त्या दिवशी पाकीट नव्हते. सायंकाळी पेटी उघडण्याआधी आम्ही आमचे पैसे टाकून आलो.