पोरं शिकतात ती त्यांच्या चालीनं

डहाणू
भाद्रपद अमावास्या

प्रिय बाळ,

तुझं चार पानी पत्र पोचलं. तलासरीकडच्या त्या पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली आणि दुसरी तुझ्या वाट्याला आली, आणि जूनपासून आजवर पोरं काय काय शिकली ते तू मला अगदी टाचण लिहावं तसं लिहून पाठवलंस, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! तुझ्या आईनं पाटीवरचं पहिलं अक्षर माझ्या वर्गात गिरवलं, म्हणजे तू माझी नातच झालीस, आणि आजीचं नातीला लिहिलेलं पत्र जरा लांबलं तर कुणी रागवत नाही. तेव्हा तूही हे सावकाश वाच, जेवण झाल्यावर, हातातली कामं आवरून.

यादी छान आहे तुझी. दहा-बारा अक्षरं आणि काना झाला, दुसरीला दशक-एकक झालं, बिनहातच्याची बेरीज झाली, गोल-त्रिकोण-चौकोन झाले, भूकंप आला तर काय करायचं तेही झालं. आणि मग शेवटच्या ओळीत तू लिहिलंस की निम्म्या पोरांना अजून शब्द वाचता येत नाहीत, चाचणी तोंडावर आली, दिवाळीच्या आत सगळं पुरं झालंच पाहिजे. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तू मनापासून शिकवशील, एकाही लेकराला टाकून बोलणार नाहीस, याबद्दल मला तिळभरही शंका नाही. मला काळजी वाटते ती या ‘झालंच पाहिजे’ची.

तुझ्यावरचा भार मला कळतो गं. ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू झालं, आणि २०२६-२७ पर्यंत तिसरी पुरी करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधे हिशेब यावेत असं ठरलं. हे ठरलं ते योग्यच ठरलं. आमच्या वेळी चौथी पास झालेलं पोर अडखळत वाचायचं आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, आता वाटतं. पण शेवट ठरवून दिला म्हणजे वाट आखडते असं नाही. तुझ्या वर्गातलं लेकरू घरी वारली बोलतं, आठवड्याच्या बाजारात गुजराती ऐकतं आणि शाळेत आल्यावर त्याच्यापुढे पुस्तकातली मराठी येते. सहा वर्षांच्या जिवाला तीन बोलींचे उंबरे ओलांडायचे आहेत. त्यानं दाराशी थोडं थांबून आत पाहिलं तर त्याला मागे पडलेलं म्हणू नये. त्याच्या घरच्या बोलीतल्या वस्तूंची नावं आधी तू शिकून घे, ती फळ्यावर लिही, आणि मग त्यांच्याशेजारी पुस्तकातलं नाव लिही. आपल्या घरातला शब्द फळ्यावर दिसला की पोराचा चेहरा कसा उजळतो ते तू बघशीलच.

आपल्या या मुलखात हे काम फार आधी होऊन गेलंय, बाळ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा ताराबाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या आणि अनुताई पस्तिशीच्या. मुलं शाळेत येईनात, तर या दोघींनी मुलांना बोल लावला नाही, त्या त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या. आधी नाक-डोळे पुसून दिले, केस विंचरले, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या, आणि अक्षरं त्यानंतर कधीतरी आली. १९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथं पोरं दिवसभर गुरांमागे हिंडायची, म्हणून शाळाच गुरांमागे गेली, तिचं नाव कुरणशाळा. मोजायला पानं, बिया, खडे, शिंपले. २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत गावोगाव अंगणवाड्या उभ्या राहिल्या, पण त्याच्या कितीतरी आधी आपल्या तालुक्यानं हे अंगण पाहिलेलं होतं. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली, आणि अनुताईंनी बोर्डी-कोसबादच्या पोरांना दिलेली वर्षं मोजशील तर सत्तेचाळीस भरतात. कधी सवड काढून त्यांचं ‘कोसबादच्या टेकडीवरून’ वाच. इतकी वर्षं ज्या कामाला लागली, त्यातलं पहिलं पाऊल तू जून ते दिवाळीत टाकते आहेस, एवढं ध्यानात ठेवलंस की छातीवरचं दडपण हलकं होईल.

साहित्यासाठी पगारातले पैसे घालते आहेस असं लिहिलंस. तुझा हात सढळ आहे हे मला ठाऊक आहे, पण ते चकचकीत तक्ते आणू नकोस. चिंचोके धुऊन वाळव, डब्यात भर. बांबूच्या काड्या पोरांकडूनच मोडून घे, आणि दहा काड्या झाल्या की दोऱ्यानं गठ्ठा बांधायला लाव. गठ्ठा स्वतःच्या हातानं बांधलेला आणि सोडलेला असला म्हणजे पुढे हातच्याची वजाबाकी आली की पोर भांबावत नाही, त्याला ठाऊक असतं की सुटे कमी पडले तर गठ्ठा सोडायचा असतो. वहीच्या मागच्या कोऱ्या पानांची शिवून वही कर, खडूचे तुकडे डबीत ठेव. काटकसर हाही धडाच आहे, आणि तो पोरं फळ्याकडे बघून शिकत नाहीत, बाईंच्या हाताकडे बघून शिकतात.

आणि अंकांबद्दल. एकोणतीस म्हटलं की तुझी पोरं ३९ लिहितात, म्हणून तू हैराण झालीस. त्यांच्या कानाला ‘तीस’ ऐकू येतं, म्हणून ती तीन लिहितात, त्यात त्यांची काय चूक? ती नीट ऐकतात म्हणूनच तसं लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस नऊ’ अशा तऱ्हेचं वाचन सुचवलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की लहान मुलाला आकडा समजायला सोपा जावा एवढाच त्यामागचा हेतू आहे. तू दोन्ही म्हणून घे. आधी दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या हातात दे, वीस आणि नऊ म्हणू दे, मग घरात-बाजारात चालतं ते एकोणतीस. एका दिवसात नाही यायचं ते, आठवडा लागेल, एखाद्याला महिना. लागू दे.

गोल, त्रिकोण आणि चौकोन दोन तासांत उरकले, असं तू लिहिलंस तेव्हा मात्र मला थोडी हळहळ वाटली. अगं, ज्या पोरांच्या घरच्या भिंतींवर हेच तीन आकार पिढ्यान्‌पिढ्या नांदले, त्यांना ते दोन तासांत शिकवायचे? गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाचं पांढरं पीठ आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की नाचणारा माणूस होतो, गोलात तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच होतो, आणि लग्नाच्या चौकात पालघाट देवी बसते. पूर्वी हा चौक सुवासिनी लिहायच्या. मग आपल्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, देशोदेशी नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. तेव्हा तू एक दिवस फळ्यावर काहीच काढू नकोस. खडू पोरांच्या हातात दे, आणि ज्यांना वाचता येत नाही म्हणून तू काळजीत आहेस त्यांनाच पुढे बोलाव. आनंददायी शनिवार आहेच ना, त्या दिवशी एखाद्या पोराच्या आजीलाही शाळेत बोलाव. त्या आजीला अक्षर येत नसेल, पण त्या तासाला ती तुझी आणि माझी दोघींची बाई असेल.

भूकंपाचा धडा तू सगळ्यांत आधी घेतलास, हे शहाणपणाचं केलंस. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या बाजूला धक्क्यांमागून धक्के बसायला लागले तेव्हा माणसं रात्र रात्र उघड्यावर काढत होती, आणि मुलांच्या शाळाही भिंतीबाहेर भरत होत्या. त्यांना त्या वर्षी काय शिकावं लागलं? हादरा बसला की डोकं झाकायचं, बाकाखाली जायचं, थांबल्यावर रांगेनं बाहेर पडायचं, पुढच्याला ढकलायचं नाही. इतक्या भीतीतही धीर धरणाऱ्या मुलखातली ही पोरं आहेत, बाळ. तू फळ्यासमोर धीर धरलास तर त्यांना तो नवा वाटणार नाही.

आता जरा जड गोष्ट. दिवाळीच्या आत आटपायची तुझी घाई कुठून आली हे मला न सांगताही कळलं. भातकापणी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, गुजरातेत, आणि तुझ्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या रेघा वाढत जातील. जायच्या आधी त्यांच्या पदरात होईल तेवढं घालावं, हीच तुझी माया. पण घाईनं घातलेलं वाटेतच सांडतं. ‘कमळ’ हा शब्द चित्र बघून म्हणणारं पोर आणि क, म, ळ ओळखून वाचणारं पोर चाचणीत सारखंच दिसतं. आपल्याकडे चिकू तयार झाला की नाही हे बागेतला माणूस रंगावरून ठरवत नाही, नखानं हलकेच साल खरवडून पाहतो, तसं तूही मधूनमधून हलक्या हातानं बघ: तेच अक्षर दुसऱ्या शब्दात दे, तीच बेरीज बाजारातल्या पैशांत दे.

आणि हे पक्कं का हवं तेही सांगते. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तुझ्याच तलासरीतल्या वारल्यांची हकिकत लिहून ठेवली आहे. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी माणसं लग्नगडी होऊन सावकाराच्या घरी राबायची, कारण हिशेब सावकाराच्या वहीत आणि वही सावकाराच्या घरात. १९४५ साली ही माणसं उभी राहिली आणि वेठ मोडली. पण आजही भट्टीवर आधी उचल मिळते, मग हजार विटांमागे मजुरी, आणि हंगाम संपल्यावर उचल वळती करून हातात उरतं ते उरतं. तुझ्या वर्गातल्या लेकरानं उद्या बापाशेजारी बसून मुकादमाची वही वाचली आणि वजाबाकी ताळून पाहिली, तर ती वजाबाकी चुकून चालायची नाही. म्हणून सांगते, पन्नास अर्धवट गोष्टींपेक्षा पाच पक्क्या दे.

जी मुलं जातील त्यांचं शिक्षण हमी कार्ड आधीच भरून ठेव, ऐन जायच्या सकाळी धावपळ नको. जिथं जातील तिथल्या शाळेत ते दाखवता येईल. मागे कुणी आजी-आजोबा राहत असतील तर पोराला गावातच ठेवता येईल का, हंगामी वसतिगृहाची सोय होते का, याबद्दल आई-बापांशी आत्ताच बोल, आश्विनात, त्यांनी गाठोडी बांधायच्या आधी. आणि जी गेली ती पावसाळ्याच्या तोंडाला परत येतील तेव्हा त्यांची जागा रिकामी ठेव. कुठवर आलं होतं त्याची प्रत्येकाची दोन ओळींची नोंद तुझ्या वहीत असली, तर तिथूनच धागा धरता येईल.

तुझ्यासाठी म्हणशील तर एवढंच: पहाटे लवकर उठत जा. डहाणू सोडून उधव्याच्या रस्त्याला लागणारी एसटी धावतपळत गाठलीस की तीच धावपळ दिवसभर तुझ्या आवाजात राहते, आणि पोरांना ती परिपाठातच ऐकू येते. घटकाभर आधी शाळेत पोच, कुलूप काढ, खिडक्या उघड, फळा ओल्या फडक्यानं पूस, आणि पोरं येतील तशी एकेकाचं नाव घेऊन त्याच्याशी एक वाक्य बोल. खिचडीच्या वेळी त्यांच्याबरोबर बस. रात्री जागून तक्ते रंगवू नकोस, नीज पुरी कर, आणि जेवणाची आबाळ तर मुळीच नको.

चाचणी होईल, केंद्रप्रमुख येतील, तुझ्या कागदावर काही रकाने कोरे राहतील. ते कोरेच दाखव, आणि प्रत्येक कोऱ्या रकान्यापुढे त्या मुलाला काय येतं तेही लिही. खरं लिहिणाऱ्या शिक्षिकेला पुढचं शिकवणं सोपं जातं. पुढच्या पत्रात मात्र मला यादी नको. वाचता न येणाऱ्या त्या निम्म्या पोरांपैकी एकाचीच हकिकत लिही: ते घरी काय बोलतं, कशावर हसतं, कोणत्या अक्षरापाशी अडतं आणि तू त्याच्याजवळ किती वेळ बसलीस. मग दुसऱ्याची. मला वाचायला सवड आहे, आणि त्यांना शिकायला पुरं वर्ष आहे.

तुझी,
आजी